वैयावृत्त्याची वाट : राणीसावरगाव ते परळ

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव वसले आहे. रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत आणि पंचक्रोशीबाहेरही या गावाचे नाव आदराने घेतले जाते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना झाली की दर्शनाला निघालेल्या माणसांनी गावाकडच्या वाटा फुलतात. याच सुमारास मराठवाड्यात सोयाबीन खळ्यावर येते, आडतीवर काटे लागतात आणि व्यापाऱ्याला दुपारच्या जेवणाचीही उसंत राहत नाही. नवरात्राचे शेवटचे दिवस आणि नवपद ओळीचे पहिले दिवस एकमेकांत मिसळलेले असतात. सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत श्वेतांबर घरांत आयंबिले चालतात आणि श्रीपाल-मैनासुंदरीची कथा पुन्हा एकदा ऐकली जाते. दिगंबर घरांत हीच कथा अष्टाह्निक पर्वात, सिद्धचक्र विधानाच्या निमित्ताने ऐकायला मिळते.

वर्षानुवर्षे ऐकल्यामुळे या कथेतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. ही मुळात एका आजारी पतीची आणि त्याच्या सोबतीला उभ्या राहिलेल्या पत्नीची कथा आहे. राजकन्या मैनासुंदरीचा विवाह कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या श्रीपालाशी लावून दिला जातो. ती रडत बसत नाही, माहेरी परतत नाही आणि पतीला कोणाच्या नजरेआड लपवूनही ठेवत नाही. ती गुरूंना शरण जाते, सिद्धचक्राची आराधना करते आणि त्याची सेवा करते. कथेचा सर्वांत मोलाचा धागा याच्यापुढे आहे. तिच्या आराधनेचा लाभ एकट्या श्रीपालाला होत नाही. त्याच्याबरोबर रानोमाळ भटकणारे सातशे कुष्ठरोगीही बरे होतात. एका घराच्या दुःखातून निघालेली सेवा सातशे घरांपर्यंत पोहोचली, असे ही कथा सांगते.

आज मराठवाड्यातील गावांतून आणखी एक वाट निघते. तिच्यावर गुलाल नसतो आणि वाजंत्रीही नसते. एका हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी आणि दुसऱ्या हातात जोडीदाराचा हात धरून एखादे दांपत्य पहाटेच्या एसटीने निघते. गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झालेले असते. राणीसावरगाव ते मुंबईचे परळ हे अंतर पाचशे किलोमीटरांच्या घरात आहे. परंतु किलोमीटरांनी मोजता न येणारे अंतर त्याहून मोठे असते, आणि त्याची सुरुवात घराच्या उंबरठ्यापासूनच होते.

व्यापारी कुटुंबात असे निदान झाले की पहिले वाक्य बहुधा एकच असते : ‘बाहेर कोणाला कळू देऊ नका.’ त्यामागे निर्दयपणा नसतो, भीती असते. पेठेत पत ढळेल का, उधारी मागणारे घाई करतील का, मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल का, असे अनेक प्रश्न त्या एका वाक्यात दडलेले असतात. कर्करोग संसर्गजन्य नाही, तो स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही बोलताना आवाज आपोआप खाली येतो. या मौनाची सर्वांत मोठी किंमत रुग्णाच्या जोडीदाराला मोजावी लागते. दिवसा गल्ल्यावर बसून हसतमुखाने गिऱ्हाईक करायचे आणि रात्री रुग्णाच्या उशाशी जागायचे, असा दुहेरी संसार तो किंवा ती महिनोन्‌महिने चालवते. कधी कधी हे मौन निदानापूर्वीच सुरू होते. छातीतील गाठ हाताला लागूनही गृहिणी ‘सणवार होऊ द्या, हंगाम जाऊ द्या’ म्हणत दिवस ढकलते. गाठ मात्र हंगामासाठी थांबत नाही.

जैन परंपरेत श्रावकासाठी चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. कर्करोगाच्या वाटेवर या चारही दानांची गरज पडते, आणि पहिली गरज अभयदानाची असते. ‘तुमच्या घरचा आजार हा आमच्या दृष्टीने कमीपणा नाही, सोयरिकीच्या बोलण्यात तो आड येणार नाही,’ असा विश्वास समाजाने दिला, तर अनेक गाठी वेळेवर डॉक्टरांपुढे येतील. या दानाला एक रुपयाही लागत नाही.

राणीसावरगावहून बस गंगाखेडला येते. येथे गोदावरी आहे आणि संत जनाबाईंचे जन्मस्थान आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी आयुष्यभर कष्ट उपसणाऱ्या जनाबाईंच्या जात्याला स्वतः विठ्ठलाने हात लावला, अशी लोकश्रद्धा आहे. जाते एकटीने ओढताना खांदा भरून येतो. खुंट्याला दुसरा हात लागला की तेच दळण हलके होते. गंगाखेडच्या मातीतील ही स्मृती जोडीदाराच्या आजारपणाशी अगदी जवळचे नाते सांगते. दळण तेवढेच राहते. दुसऱ्या हाताने ते सोसवते.

जैन शास्त्रकारांनी या दुसऱ्या हाताला फार उंच स्थान दिले आहे. सहा अभ्यंतर तपांत प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर वैयावृत्त्य येते. श्वेतांबर घरांत त्यालाच वैयावच्च म्हणतात. स्वाध्याय आणि ध्यान यांच्याच पंक्तीत रुग्णसेवेला तप म्हणून बसवले गेले, ही लहान गोष्ट नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा हे अंग तर रुग्णाच्या देहाची किळस न बाळगण्याशी जोडलेले आहे. त्यासाठी उद्दायन राजा आणि राणी प्रभावती यांचे उदाहरण दिले जाते. रोगी मुनीच्या रूपात आलेल्या देवाने आहारानंतर त्यांच्यावर वमन केले. तेव्हा राजा-राणीने नाक मुरडले नाही; उलट आपल्याच आहारात काही चूक झाली असावी, अशी हळहळ त्यांनी व्यक्त केली. केमोथेरपीनंतर पत्नीच्या ओकारीचे भांडे हाती धरणारा पती किंवा पतीच्या जखमेची पट्टी बदलणारी पत्नी या कथेपासून दूर नसते. राजा आणि राणी दोघेही सेवेत होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

गंगाखेडहून रेल्वेचे दोन मार्ग पुढे जातात. परभणीकडे गेले तर छत्रपती संभाजीनगर आणि मनमाडवरून मुंबई गाठता येते. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू आहे आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे त्याला सहकार्य आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची मुंबईवारी त्यामुळे वाचली. दुसरा मार्ग नांदेड–पनवेल गाडीचा. ही गाडी गंगाखेडवरून परळी, लातूर रोड, लातूर, धाराशिव आणि बार्शी ओलांडून कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत पनवेलला पोहोचते. लातूरला १९६६ पासून रुग्णसेवा करणारे विवेकानंद रुग्णालय आहे आणि तेथे कर्करोगावरील उपचारही होतात. त्यापुढचे बार्शी हे या वाटेवरील मोठे ठिकाण.

एकेकाळी लातूर–बार्शी–कुर्डुवाडी हा मार्ग नॅरोगेज होता. बार्शी लाइट रेल्वे या नावाने तो ओळखला जाई. त्या छोट्या गाडीच्या गावात आज नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभे आहे. या नावामागेही एका दांपत्याची कहाणी आहे. अभिनेत्री नर्गिस यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात त्यांच्यावर अनेक महिने उपचार झाले आणि सुनील दत्त त्यांच्यासोबत राहिले. ३ मे १९८१ रोजी नर्गिस यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर सुनील दत्त यांनी पत्नीच्या स्मरणार्थ संस्था उभारून कर्करोगग्रस्तांच्या उपचारांसाठी निधी जमवण्याचे काम हाती घेतले. वैभव, कीर्ती आणि परदेशातील उत्तम उपचार असूनही ज्याला आपली पत्नी वाचवता आली नाही, त्याने अनोळखी लोकांच्या पत्नी आणि पती वाचावेत म्हणून झोळी पसरली.

बार्शीचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये येथेच सुरू झाली. खेड्यांत हा आजार किती आणि कोणता आहे, याची पद्धतशीर मोजणी तोपर्यंत झालेली नव्हती. पुढे बार्शीच्या रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांसह त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी त्यांतील एका गटातील स्त्रियांना एकदाच देऊ करण्यात आली. आठ वर्षांनंतर असे दिसले की त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी मोहीम न राबवलेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले आणि अनेक देशांनी त्यांची दखल घेतली. मराठवाड्यातील शेतकरी, मजूर आणि दुकानदार कुटुंबांतील स्त्रियांनी जगाला दिलेला हा धडा आहे.

हेच आजच्या काळातील ज्ञानदान. मंदिराच्या किंवा स्थानकाच्या सभागृहात प्रवचनानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांचे अर्ध्या तासाचे व्याख्यान ठेवणे, पर्युषणातील अनेक कार्यक्रमांत तपासणी शिबिराचा एक दिवस राखणे, हे कोणत्याही गावच्या मंडळाला जमण्यासारखे आहे. पत्नीला तपासणीला नेण्यासाठी पतीने एक दिवस दुकान बंद ठेवले, तर त्या दिवशीचा गल्ला बुडाला असे कोणी समजू नये.

गाडी सकाळी पनवेलला पोहोचते. जवळच खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे उपचार आणि संशोधन केंद्र आहे. तेथून पुढे लोकलने परळ. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची जन्मकथाही एका दांपत्यापासूनच सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या काळी या आजारावर इलाज असा नव्हताच. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. पुढे त्यांच्या न्यासाने मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९६२ पासून त्याची व्यवस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. किरणोपचारांचा अणुशास्त्राशी असलेला संबंध हे त्याचे कारण.

परळच्या फुटपाथवर भारतातील सर्व भाषा ऐकू येतात. केमोथेरपीच्या फेऱ्या अनेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतात आणि किरणोपचार आठवड्यातील पाच दिवस, काही आठवडे सलग चालतात. मुंबईत राहण्याची सोय नसलेल्या कुटुंबाला उपचारांएवढाच मोठा प्रश्न मुक्कामाचा पडतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात अशा कुटुंबांना आसरा मिळतो. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या. त्यांचे मोल कळायला एक रात्र रुग्णासह मुंबईत काढावी लागते.

येथेच जैन समाजातील एका माणसाने आहारदानाचा अर्थ आपल्या कृतीने सांगितला. हरखचंद सावला यांनी टाटा रुग्णालयासमोर ताटकळणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे उपाशी नातेवाईक पाहिले, आणि त्यांना जेवण देण्यास सुरुवात केली. १९८३ पासून जीवनज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्टच्या रूपाने हे काम चालू आहे. जेवणाबरोबर गरजूंना औषधे आणि आजारी मुलांना खेळणी देण्यापर्यंत ते वाढले. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मैनासुंदरीच्या कथेतील सातशेजण परळच्या या फुटपाथवर आजही भेटतात.

औषधदानाचा विचार करताना शासनाच्या सवलतींची माहिती पोहोचवणे हाही त्याचाच भाग मानायला हवा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याची तरतूद झाली आहे. रुग्णालयाने दिलेले विहित प्रमाणपत्र दाखवल्यास उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगी प्रवाशाला रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात संपूर्ण, तर त्याच्या एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. व्यापाऱ्याला हिशेब कळतो, कागदपत्रे कळतात. समाजातील दोन जाणत्या तरुणांनी एखाद्या कुटुंबाची कागदपत्रे पूर्ण करून दिली, तर जोडीदाराचे कितीतरी दिवस रांगांतून वाचतात. मदत नेहमी पाकिटातूनच द्यावी लागते असे नाही.

उपचारांच्या फेऱ्यांमधील काळात कुटुंब गावी परतते आणि खरी कसोटी घरातच लागते. पत्नी रुग्ण असेल तर पतीला स्वयंपाकघराची ओळख नव्याने होते. तोंडात फोड आलेले असताना तिखट भाजी गिळता येत नाही. मऊ खिचडी, वरण-भात, ताक, खीर अशा पदार्थांवर दिवस निघतो. शरीर भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. आहारतज्ज्ञांना आपला शाकाहार स्पष्ट सांगितला, तर डाळी, दूध, दही, पनीर, सोयाबीन यांतून ते मार्ग काढून देतात. पाणी उकळून पिण्याची जैन घरांची सवय येथे उपकारक ठरते, कारण केमोनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. म्हणून औषधांच्या डब्याशेजारी थर्मामीटर आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक असलाच पाहिजे.

चौविहार, उपवास आणि नियम यांचा प्रश्न या काळात प्रत्येक श्रद्धाळू घराला पडतो. रात्री गोळी घ्यावी लागते, सूर्यास्तानंतर पाणी प्यावे लागते आणि रुग्णाचे मन अपराधी होते. शास्त्रकारांनी मानवी दुर्बलता ओळखूनच प्रत्याख्यानांत आगार, म्हणजे सवलती ठेवल्या. देह आणि चित्त यांची समाधी राखण्यासाठी घेतलेल्या औषधाने व्रत मोडत नाही, हे गुरुमहाराजांच्या तोंडून ऐकले की रुग्णाच्या डोळ्यांतील भार उतरतो. जोडीदाराने हा संवाद लवकर घडवून आणावा. तपश्चर्येची ओढ असलेल्या रुग्णासाठी घरातील निरोगी माणसाने आयंबिल करावे आणि रुग्णाने त्याची अनुमोदना करावी. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे यांचे फळ सारखेच मानणाऱ्या परंपरेत रुग्णाला तपापासून दूर राहिल्याचे दुःख होण्याचे कारण नाही.

केस गळतात, तेव्हा अनेक स्त्रिया आजाराच्या बातमीपेक्षाही अधिक कोलमडतात. आरशावर पडदा ओढला जातो, दारावरची बेल वाजली की डोक्यावरचा पदर पुढे येतो. जैन समाजाने या क्षणी स्वतःला एक गोष्ट आठवून द्यायला हवी. आपण ज्यांच्यापुढे मस्तक नमवतो त्या साध्वीजी आणि आर्यिका माताजी केशलोच करतात. केशविरहित मस्तकात वैराग्याचे तेज पाहण्याची दृष्टी या समाजाला शतकानुशतके लाभली आहे. तीच दृष्टी आजारी सुनेकडे पाहताना हरवू नये.

भेटायला येणाऱ्यांचाही एक धर्म असतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या दिवसांत गर्दी नको, सर्दी-खोकला असलेल्याने जाऊच नये. ‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्द तर रुग्णाच्या खोलीत उच्चारूच नयेत. कर्मसिद्धांत हा स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाला दोष चिकटवण्यासाठी नाही. त्याच सिद्धांतात पुरुषार्थालाही स्थान आहे, आणि वेळेवर उपचार घेणे हा पुरुषार्थच होय. कोणी ‘औषधे सोडा, अमुक काढा घ्या, अमुक ठिकाणी नवस बोला’ असे सुचवले, तर जोडीदाराने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. नवकार मंत्राचा जप केमोच्या खुर्चीवर बसूनही करता येतो. श्रद्धा आणि उपचार यांत निवड करण्याची वेळ कोणावर आणू नये. भेटायला जाणाऱ्याने उपदेशाऐवजी दोन तास रुग्णाजवळ बसण्याची तयारी न्यावी. त्या दोन तासांत जोडीदार झोपू शकतो, सामायिक करू शकतो, किंवा दाराआड जाऊन मोकळेपणाने रडू शकतो.

सारे रुग्ण बरे होत नाहीत, हे सत्य कोणत्याही श्रद्धेने लपवू नये. दोराबजींची मेहेरबाई गेली, सुनील दत्तांची नर्गिस गेली. रोग हटवणे हाती उरले नाही, तरी वेदना हटवणे हाती असते. वेदनाशमनाचे वेगळे शास्त्र आहे आणि त्याचे तज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे जाणे म्हणजे हार मानणे नव्हे. वेदनेने तळमळणाऱ्या देहात चित्त स्थिर राहणे कठीण असते. वेदना शांत झाली की तेच चित्त धर्मश्रवणात रमते, मुलांना जवळ घेते, राहिलेली क्षमायाचना करते. बारा भावनांतील अशरण भावना सांगते की मृत्यूपासून कोणी कोणाला वाचवू शकत नाही. परंतु त्या क्षणापर्यंत कोणी कोणाला एकटे सोडावे, असे ती सांगत नाही.

आता वाट पुन्हा राणीसावरगावसारख्या गावांच्या पेठेत येते, आणि व्यापारी समाजापुढे एक अवघड प्रश्न ठेवते. मराठवाड्यात पुरुषांच्या तोंडाच्या कर्करोगामागे तंबाखू आणि गुटखा यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखूच्या पुड्या मात्र अनेक किराणा दुकानांच्या काउंटरवर टांगलेल्या दिसतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे, म्हणजे विषाचा व्यापार. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या दुकानात त्या पुड्यांची माळ का लटकावी, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे आहे. पुड्यांतून सुटणारा नफा फार नसतो. त्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पत्नीला मात्र उद्या हीच परळची वाट चालावी लागू शकते. काउंटरवरची ती माळ काढून टाकणे हे गावातल्या गावात करता येणारे अभयदान आहे, आणि कोणत्याही वर्गणीची वाट न पाहता ते उद्या सकाळी दुकान उघडताना करता येते.

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरी आहे, नवागड आहे. तेथील दर्शनाला समाज संघ काढून जातो. वाहने ठरतात, जेवणाची पंगत ठरते, वृद्धांचा हात कोणी धरायचा तेही ठरते. रुग्णाची मुंबईवारीही त्याच पद्धतीने ठरवता येईल. कोणी त्या आठवड्यात दुकान सांभाळावे, कोणी मुलांचा डबा द्यावा, कोणी मुंबईच्या मुक्कामाची सोय पाहावी, कोणी दुसऱ्या फेरीला सोबत जावे. संघ हा शब्द आपल्याकडे केवळ यात्रेसाठी आलेला नाही. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका मिळून जो चतुर्विध संघ होतो, त्यात आजारी श्राविका आणि तिच्या उशाशी बसलेला श्रावक यांचीही गणना आहे.

पहाटेची एसटी गावाबाहेर पडते तेव्हा खिडकीतून रेणुकामातेच्या मंदिराकडे हात जोडले जातात, ओठांवर नवकार असतो. त्या दांपत्याला निरोप द्यायला थांब्यावर कोण उभे आहे, एवढ्या एका गोष्टीवरून त्या गावाचा धर्म ओळखता येतो.